वहिनीचं बेटावरचं घर

जिंतूर, ९ डिसेंबर १९४६

शाळेतून आलो तेव्हा वहिनी ओसरीवर उभ्या होत्या. एरवी मी पायरी चढलो की त्या पाण्याचा तांब्या ठेवून आत जातात. आज हलल्या नाहीत.

"भावजी, काळ्या पाण्याचे समदे कैदी सुटले म्हणायलेत. वाशीमचा एक माणूस घरी येऊन आठ म्हैने झाले. ह्यांचं काहीच का कळंना?"

चौकशीचा अर्ज टाकला आहे, उत्तर येईल, असं मी म्हणालो.

"पाच वरसं वाटच बघायलोय. आता मी जाते. तुमी येता का मी एकलीच जाऊ?"

चंद्रप्पादादाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. वाशीमच्या कापूस बाजारात गाडी पुढे घेण्यावरून भांडण झालं, दादाने काठी मारली, समोरचा माणूस जागीच गेला. वऱ्हाडात इंग्रजांचा कायदा. अकोल्याला खटला चालला, जन्मठेप झाली, आणि पुढच्या साली त्याला अंदमानला नेलं. वहिनी तेव्हा एकोणीस वर्षांच्या, मीही तेवढाच. मूलबाळ नव्हतं. दादा वर्षाकाठी एखादं पत्र कुणाकडून तरी लिहून पाठवायचा. वहिनींना वाचता येत नाही, अव्वालाही नाही. मीच चुलीपाशी बसून वाचून दाखवायचो. पुढे लढाईत जपान्यांनी ती बेटं घेतली आणि पत्रं थांबली.

अव्वा आतून म्हणाली, "ने की तिला, बसवंता. मी हाय तोवर माज्या लेकाचं काय झालं ते कळू दे."

शाळेतून रुखसत, म्हणजे रजा, मिळणार नाही असं मी सांगितलं. खरं तर मिळेल. मलाच जायचं नाही. का, ते आज लिहीत नाही.

१३ डिसेंबर

रुखसत मिळाली. आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, दत्तोपंत उलट खूश झाले. म्हणाले, "मास्तर, आपल्या भूगोलात अंदमान दोन ओळींत उरकतं. तुम्ही बेटं डोळ्यांनी बघणार. काय काय पाहण्यासारखं आहे ते नीट टिपून आणा, वर्गात सांगू." दत्तोपंत आमच्या शेजारीच राहतात. त्यांच्या घरून वहिनींसाठी शाल आली.

घरात धांदल आहे. अव्वा शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली आहे. वहिनींनी दादासाठी धोतरजोडी आणवली. मापाचा सदराही शिवायला टाकणार होत्या, पण माप कुणाला आठवेना.

परभणी स्टेशन, २८ डिसेंबर

जिंतूरहून सकाळची मोटार पकडली. गाडीला अजून तास आहे. वहिनी बोचक्यावर बसल्या आहेत. मघाशी विचारलं, "भावजी, ते मला वळखतील का?"

मी म्हणालो, ओळखतील, तुमच्यात काही बदल नाही. हे मन राखायला म्हणालो नाही. कानशिलापाशी थोडे केस पिकले आहेत, पण चालणं तेच, मान जराशी डावीकडे ठेवून ऐकणं तेच. रोज बघणाऱ्याला हे कळतं.

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमी लगीन केलं असतं तर तुमची बायको बी आली असती संगं."

मी गाडीचं विचारून येतो म्हणून उठलो. दोनदा स्थळं आली होती. पण दादा असा गेलेला, घरात दोन बायामाणसं, मी लग्नाच्या भानगडीत कुठे पडणार होतो?

जहाजावर, ५ जानेवारी १९४७

मद्रासहून निघून दुसरा दिवस. चहूकडे पाणी. निळं म्हणावं तर तेवढंच नाही, जहाजापाशी हिरवं आणि लांब जवळजवळ काळं. मला उलट्यांनी हैराण केलं. वहिनींना काहीच झालं नाही. दुपारी त्यांनी लिंबू कापून माझ्या हातावर ठेवलं आणि शेजारी बसून राहिल्या. पदर वाऱ्याने उडत होता म्हणून तो दातात धरला होता.

पलीकडे एक तमिळ व्यापारी बसतो. मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "तुम्हारी औरत बहुत हिम्मतवाली है." त्याला खरं काय ते सांगायचं राहून गेलं. भाषेची अडचण.

संध्याकाळी पाण्यातून मासे उडाले, टिटव्यांसारखे, आणि पुन्हा पाण्यात गेले. वहिनी लहान पोरीसारख्या कठड्याला टेकून बघत होत्या. दत्तोपंतांसाठी उडत्या माशांची नोंद केली. इतका बरा दिवस माझ्या आयुष्यात फार कमी वेळा आला असेल. पोटातलं ढवळणं सोडून.

पोर्ट ब्लेअर, ८ जानेवारी

सकाळी बेटं दिसायला लागली. आधी एक हिरवा ठिपका, मग त्यामागे दुसरा, मग माळेसारखी रांगच. उत्तर-दक्षिण अशी दोनशेहून जास्त बेटं आहेत म्हणतात, बरीचशी नुसतं रान. झाडी थेट पाण्याला टेकलेली. आपल्याकडे पूर्णेच्या काठीही एवढं हिरवं पावसाळ्यात दिसत नाही, आणि हा तर पौष.

बंदराच्या तोंडाशी रॉस नावाचं बेट. पूर्वी साहेब लोकांचा सगळा कारभार तिथून चाले. भूकंप झाला, मग लढाई, आता ओसाड. चर्चच्या भिंतीतून पिंपळाची मुळं उतरली आहेत. समोरच्या टेकाडावर तुरुंग. त्याच्या काही इमारती पडलेल्या आहेत. जहाज लागताना वहिनी त्याच्याकडे एकटक बघत होत्या.

"त्यातच हायत का?"

"नाही. दादाला पुढे बाहेर जमीन दिली होती. तो शेती करत होता."

"हे तुमी कवा सांगितलं न्हाई."

मी म्हणालो, सांगितलं होतं, तुम्ही विसरलात.

१० जानेवारी

कचेरीत दोन दिवस गेले. इथे सगळे हिंदुस्थानी बोलतात, त्यामुळे आमची दखनी चालते. जुनी रजिस्टरं लढाईत जळाली. शेवटी एका कारकुनाने सांगितलं, गाराचरामा वस्तीवर माणिकराव म्हणून साताऱ्याकडचा म्हातारा आहे, सुटूनही गावी गेला नाही, त्याला सगळ्या मराठी माणसांची माहिती. उद्या जायचं.

वहिनींनी धोतरजोडी बोचक्यात सगळ्यात वर काढून ठेवली आहे.

११ जानेवारी

दादा नाही.

सहा मैल चालून गेलो. भातखाचरं, सुपारी, नारळ. माणिकराव अंगणात जाळं विणत बसले होते. मी नाव सांगितलं. ते माझ्याकडे न बघता वहिनींकडे बघत राहिले.

"तुम्ही शिवम्मा का?"

वहिनींनी मान हलवली.

म्हाताऱ्याने जाळं बाजूला ठेवलं. "बसा, बाई. चंद्रप्पा पंचेचाळीसच्या श्रावणात गेला. जपानी फौजेने समदं धान्य उचलून नेलं होतं. आम्ही रानातली कंदमुळं उकडून खायचो. त्यात त्याला ताप भरला. नऊ दिवस होता."

वहिनी बसल्या नाहीत. रडल्याही नाहीत. विचारलं, "कुठं ठेवलं?"

वस्तीच्या टोकाला, नारळाखाली, मातीचा चौथरा आहे. लिंगायत रिवाजाप्रमाणे दादाला बसवून पुरलं, गळ्यातलं लिंग हातात दिलं. त्याने तसं सांगून ठेवलं होतं. वहिनी तिथे किती वेळ होत्या ते मला सांगता येणार नाही. मी मागे उभा होतो. मोठा भाऊ गेला म्हणून माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, पण माझं लक्ष वहिनींच्या पाठीकडे होतं.

चौथऱ्याजवळच दादाचं घर आहे. लाकडी फळ्यांचं, खांबांवर उचललेलं. माणिकरावांनी कुलूप काढलं. आत दोन खोल्या, आणि स्वैपाकाच्या खोलीत दगडी जातं. माणिकराव म्हणाले, "हे त्याने स्वतः टाकी-हातोडा घेऊन घडवलं, बाई, तुमच्यासाठी. तुम्हाला भात चालत नाही म्हणायचा. तीन वर्षं जोंधळा पेरला. इथल्या पावसात दरसाल कुजला."

वहिनी जात्याशेजारी बसल्या आणि तेव्हा त्यांचा आवाज फुटला.

जाताना माणिकराव म्हणाले, "लई उशीर केलात, बाई."

"कशाचा उशीर?"

मी मध्येच म्हणालो, वहिनी थकल्या आहेत, उद्या बोलू. माणिकरावांनी माझ्याकडे नीट बघितलं.

१२ जानेवारी

लिहिलंच पाहिजे.

माणिकरावांची बायको नर्मदाबाई, इथेच जन्मलेली. तिने आम्हाला जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर माणिकराव एक पत्र्याची डबी घेऊन आले. दादाची पत्रं तेच लिहून द्यायचे. दादाकडे आलेली उत्तरं त्या डबीत होती. अक्षर माझं.

वहिनी म्हणाल्या, "वाचा."

"मी वाचतो," मी म्हणालो आणि हात पुढे केला.

"न्हाई. हे वाचतील."

माणिकरावांनी चष्मा लावला. छत्तीस सालचं पत्र. "'तीर्थस्वरूप दादास बसवंताचा साष्टांग नमस्कार. आपलं पत्र पावलं. वहिनींस विचारलं. त्या तिकडे यायचं नाही म्हणतात. त्यांचं मन इथे रमलं आहे. पुन्हा हा विषय काढू नये, त्यांना त्रास होतो.'"

नर्मदाबाई ताट उचलता उचलता तशीच उभी राहिली.

माणिकराव वहिनींना म्हणाले, "त्याने चारदा लिहवून घेतलं माझ्याकडून. एकतीसला जमीन मिळाली तेव्हा पहिल्यांदा. 'शिवम्माला पाठवा, सरकार जहाजाने फुकट आणतं, इथे पुष्कळ कैद्यांच्या बायका आल्या आहेत.' मग तेहतीस, चौतीस, छत्तीस. हे उत्तर आल्यावर गप्प झाला. लोक म्हणाले, दुसरी कर, इथे चालतं. केली नाही."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घातली. चुलीपाशी बसून वाचायचो ना, तेव्हा ती ओळ आली की मी पुढच्या ओळीवर जायचो. पावसापाण्याचं वाचायचो, नारळाचं वाचायचो, "सर्वांस नमस्कार" वाचायचो. त्या मान डावीकडे करून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आजून एकदा वाचा." मी आणखी एकदा वाचायचो, ती ओळ सोडून.

१३ जानेवारी

वहिनी बोलत नाहीत. दादाच्या घरात झाडून काढत आहेत. मी माणिकरावांच्या पडवीत.

१५ जानेवारी

आज त्यांनी मला अंगणात बोलावलं. स्वतः पायरीवर बसल्या, मी खाली उभा.

"सांगा."

मी सांगितलं. एकतीसचं पहिलं पत्र आलं तेव्हा आप्पांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, ही ओळ घरात वाचायची नाही. सून काळ्या पाण्यावर गेली तर आपला गुरू, जंगम, घरचं पाणी घेणार नाही, सोयरीक तुटेल. मी बापाच्या शब्दाबाहेर कसा जाणार?

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामंजी कवा गेले?"

"तेहतीसला. आषाढात."

"हे पत्र कवाचं?"

"छत्तीसचं."

"मग छत्तीसला तुमाला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, घराची अब्रू. म्हणालो, अव्वाचं कोण करणार होतं. म्हणालो, इथलं रान, ताप, कैद्यांची वस्ती, तुमचा जीव धोक्यात घालायचा नव्हता. बोलत होतो आणि प्रत्येक कारण तोंडातून निघताच खोटं वाटत होतं. खरं कारण काही तरी असलंच पाहिजे. मी काही दुष्ट माणूस नाही. एकोणीस वर्षं या बाईला मी कधी शब्दाने दुखवलं नाही. तिच्या हातचं पाणी घेतल्याशिवाय शाळेला गेलो नाही. मग का केलं?

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काय दिसलं कोण जाणे. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, जसा परक्या पुरुषासमोर घेतात, आणि उठून आत गेल्या.

१९ जानेवारी

जहाज तेवीसला आहे. तोवर काय करायचं म्हणून बेटं बघितली. दत्तोपंतांसाठी नोंद करतो.

चॅथम बेट: लाकूड कापायचा मोठा कारखाना, पडौक नावाचं तांबडं लाकूड, ताजं कापलेलं रक्तासारखं दिसतं. व्हायपर बेट: जुनी फाशीची जागा, टेकडीवर, तिथून खालचं पाणी फार सुंदर दिसतं. हॅरिएटचा डोंगर: वर जायला दोन तास, वरून सारी बेटं दिसतात, एकामागे एक, शेवटची धुक्यासारखी. किनाऱ्याला उथळ पाण्यात पोवळ्याचे खडक, त्यांत निळे-पिवळे मासे. नावाडी म्हणाला, खाली बघा साहेब, बगीचा आहे. मी वाकून बघितलं. खरोखर बगीचाच होता.

दादा हे सगळं रोज बघत असेल. त्याच्या एका पत्रात होतं, "तिला हे मासे दाखवायचे आहेत." तेही मी वाचलं नव्हतं. त्याला लागूनच ती ओळ होती.

डोंगरावरून उतरताना मध्येच बसलो. वाटेवरच्या मोळीवाल्याने पाणी दिलं.

२२ जानेवारी

वहिनी येत नाहीत.

मी बोचकी बांधायला गेलो तर दादाचं धोतर त्यांनी चौथऱ्यावर पांघरलं होतं, वर विभूती. चुलीवर नर्मदाबाईने दिलेल्या तांदळाची पेज शिजत होती.

"उद्या सकाळी निघायचं," मी म्हणालो.

"तुमी जा. हे माजं घर हाय."

मी खूप समजावलं. इथे आपलं कुणी नाही, भाषा नाही, जोंधळा नाही. अव्वा वाट बघत आहे. तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरले.

"सासूबाईला सांगा, मी त्यांच्यावर रागावून ऱ्हायले न्हाई. त्यांनी मला लेकीगत सांभाळलं. पण ज्या घरी मला बोलावणं आलं होतं तिथं मी आले. आता जाणार न्हाई."

मी म्हणालो, "मग मीही थांबतो. माणिकराव म्हातारे आहेत. तुम्हाला कोण बघणार? मी इथे शाळेत..."

"मास्तर," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अशी हाक मारली, जशी बाजारातली माणसं मारतात. "मास्तर, तुमी गावाला जा."

जहाजावर, २४ जानेवारी

बंदरावर माणिकराव आले होते. त्या आल्या नाहीत. समुद्र शांत आहे. या वेळी उलट्या नाहीत. बेटं मागे पडताना बघायला सगळे कठड्यापाशी गेले. मी खालीच बसून राहिलो.

जिंतूर, ५ फेब्रुवारी

अव्वा दारातच होती. मला एकट्याला बघून खाली बसली. दादाचं सांगितलं. तिने कपाळ उंबऱ्याला टेकवलं. शेजारपाजारच्या बाया आल्या, दत्तोपंत आले, मी सगळ्यांना सांगितलं, ताप आला होता. रडारड ओसरली, माणसं गेली. मग अव्वाने विचारलं, "शिवम्मा?"

"तिथेच राहिली."

"का?"

खोटं सांगता आलं असतं. वाटभर तेच जुळवत आलो होतो: समाधीपाशी राहायचं म्हणाली, वेड लागल्यागत झाली. पण अव्वाचं तोंड बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. आप्पांचं, ओळीचं, छत्तीसच्या उत्तराचं. अव्वा मला शिव्या देईल असं वाटलं. दिल्या नाहीत. बराच वेळ हाताने जमीन सारवल्यासारखं करत राहिली. मग एवढंच म्हणाली, "मी त्या पोरीला रोज म्हणत होते, धीर धर, बोलावील तो."

७ फेब्रुवारी

सकाळी अव्वा म्हणाली, "कागद घे. शिवम्माला लिव."

मी लिहायला बसलो. ती सावकाश सांगत गेली.

"शिवम्मा, तुजी सासू चन्नबसम्मा लिवायला लावतेय. माजा लेक गेला, तुजं कुंकू गेलं. तू तिथं ऱ्हायलीस ते चांगलं केलंस. त्याच्यापाशी कुणी तरी पायजे. मला तुजी लय याद येती. भाकरी थापताना दोन थापते आन् मग ध्यानात येतं. बसवंतानं काय केलं ते मला कळलं. मी त्याची माय हाय, त्याला घरातून काढू शकत न्हाई. पण तू त्याला माफ कर असं मी तुला सांगणार न्हाई."

शेवटची वाक्यं लिहिताना टाक अडला. अव्वा थांबली. मी लिहून संपवलं.

"वाच."

वाचलं. एकही शब्द न सोडता वाचलं.

अव्वाने हात पुढे केला. मी कागद दिला. तिने तो उलटसुलट करून बघितला, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग काठी घेतली आणि पायरी उतरायला लागली.

"कुठे निघालीस?"

"दत्तोपंताच्या सुनेकडं. अंबिकाला वाचता येतं."

"अव्वा, मी बरोबर वाचलंय."

तिने मागे वळून बघितलं नाही. काठी टेकत टेकत गल्ली ओलांडून गेली. मी ओसरीवर उभा होतो. शाळेची घंटा झाली, तरी उभाच होतो.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता.

"दत्तोपंतच पोस्टात टाकतो म्हणाले," ती म्हणाली. "खाली अंबिकाकडून आजून दोन वळी घातल्या."

"काय घातलंस?"

अव्वाने काठी भिंतीला टेकवली. "ते तुला कशाला?" म्हणाली आणि स्वैपाकघरात गेली.